इंग्रजी शब्द पाठ होतात, पण वापरताना आठवत नाहीत: वरच्या पातळीच्या शब्दसंग्रहासाठी धागा (सोलापूर)

ताणाबाणा_बाळीवेस

इंग्रजीचे शब्द पाठ होतात पण बोलता-लिहिताना तोंडाशी येत नाहीत, हा प्रश्न इथे दर आठवड्याला कुणी ना कुणी टाकतं. तुकड्यातुकड्याने उत्तरं देण्यापेक्षा एका जागी लिहितो. इंग्रजी संपादकीय साधारण कळतं पण अडखळत, अशांसाठी हा धागा आहे. व्याकरणाचे प्रश्न दुसरीकडे विचारा.

पहिलं काम, पातळी तपासणं. तुम्हाला ज्या प्रकारचं वाचायचंय त्यातला एक लेख घ्या, पहिले शंभर शब्द मोजा आणि अनोळखी शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा. दोन किंवा त्याहून कमी रेघा आल्या तर तो लेख निवांत वाचायचा. तीन ते पाच आल्या तर शब्द शिकायला उत्तम. सहा किंवा त्याहून जास्त आल्या तर ठेवून द्या, कारण इतकी भोकं पडली की संदर्भावरून अर्थ लागत नाही आणि दर ओळीला शब्दकोश उघडावा लागतो.

ही मर्यादा हवेतली नाही. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाने २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा की छापील मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे व्हायला ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात. 'डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह' हे सगळं मिळून एक कूळ. तीनशे शब्दांच्या पानावर ९८ टक्के म्हणजे सहा शब्द अनोळखी, ९५ टक्के म्हणजे पंधरा. आकड्यात फरक तीनच टक्क्यांचा, पण वाचताना दम लागतो तो तिथेच.

दुसरं, शब्द कुठून उचलायचे. थेट 'ओब्स्ट्रेपरस' आणि 'पल्क्रिट्यूड'च्या यादीवर उडी मारू नका. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दांची यादी आहे, ५७० कुळांची, दहा भागांत पाडलेली. शैक्षणिक लिखाणातला साधारण दहावा हिस्सा तेवढ्याच कुळांनी भरलेला असतो. 'इम्प्लिसिट', 'अर्बिट्ररी', 'नॉटविथस्टँडिंग', 'अ‍ॅम्बिग्युअस' हे त्यातलेच. त्यातले पन्नास शब्द कुठूनही काढून वाक्यात वापरून बघा. दहापेक्षा जास्त अडले तर आधी ती यादी संपवा.

ती झाली की पुढचे शब्द स्वतःच्या वाचनातून घ्यायचे. माझी चाळणी तीन प्रश्नांची: महिन्याभरात हा शब्द दोनदा भेटला का? विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या शब्दकोशात त्यावर नेहमीच्या वापराची खूण आहे का? तुमच्या कामात तो लागणार आहे का? दोन 'हो' मिळाले तर कार्ड करायचं, नाहीतर अर्थ बघून पुढे जायचं. रोज सहा शब्द, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे वर्षाला १८००. ऐकायला कमी वाटतं, पण हे सगळे वापरता येणारे शब्द असतील.

शेंगाचटणी

मालक, यादी कळली, चाळणी कळली. पण शब्दासमोर मराठी अर्थ लिहायचा नाही तर लिहायचं काय? सगळं जग तेच करतंय की.

ताणाबाणा_बाळीवेस

लिहा, पण सगळ्यात शेवटी आणि बारीक अक्षरात. कारण सांगतो.

मराठीत पूर ओसरतो, ताप उतरतो, वारा पडतो, राग निवळतो, तहान भागते. सगळीकडे काहीतरी कमीच होतंय. पण 'ताप पडला' किंवा 'वारा निवळला' असं कुणी म्हणालं की कानाला लगेच खटकतं. हे कुणी शिकवलेलं नसतं. कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो, ते ऐकून ऐकून मुरलेलं असतं.

इंग्रजीतही हेच आहे, आणि आपल्या वहीत मात्र पाचही शब्दांसमोर 'कमी करणे' एवढंच लिहिलेलं असतं. 'अलीव्हिएट' हा वेदना, दारिद्र्य, त्रास यांच्यासाठी. 'अलेय' हा भीती, शंका, संशय यांच्यासाठी. 'मिटिगेट' धोका किंवा दुष्परिणाम यांच्यासाठी. 'कर्टेल' म्हणजे खर्च, अधिकार, स्वातंत्र्य यांना कात्री लावणं. आणि 'अबेट' बहुतेक वेळा आपापलं होतं: वादळ अबेट होतं, पूर अबेट होतो, त्यापुढे कर्म लागत नाही. वहीवाला माणूस 'अलेय द एक्स्पेंडिचर' लिहितो. व्याकरणात चूक नाही, तरी वाचणारा थबकतो.

म्हणून कार्ड असं करा. इथे देवनागरीत लिहितोय, कार्डावर अर्थात रोमनमध्येच.

पुढची बाजू: 'द मिनिस्टर्स स्टेटमेंट डिड लिटल टू अ____ पब्लिक फिअर्स.' पहिलं अक्षर द्यायचंच, नाहीतर त्या जागी चार शब्द बसतात आणि तुम्ही स्वतःशीच भांडत बसता.

मागची बाजू: शब्द. उच्चार, जोर दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे सिलॅबल, एका दमात उच्चारला जाणारा तुकडा). सोबती तीन: फिअर्स, डाउट्स, सस्पिशन्स. एक नकार: वेदनेसाठी नाही. बाज: औपचारिक, बातमी-अहवालातला. तळाशी मराठी: भीती-शंका दूर करणे.

याहून जास्त कोंबू नका. मागच्या बाजूला सात ओळी झाल्या की डोळा पहिली ओळ वाचतो आणि 'आलं आलं' म्हणून कार्ड पुढे सरकतं.

जुळेसोलापूर_ताई

दादा, तुमचं उदाहरण छान आहे, पण त्यात एक सापळा राहिला. हे पाच शब्द कुणी एकाच दिवशी कार्डावर घेतले तर पाचही एकमेकांत मिसळणार. समानार्थी किंवा सारखे दिसणारे नवे शब्द एकत्र शिकले की आठवताना त्यांची अदलाबदल होते. 'अल्यूजन' आणि 'इल्यूजन', 'डिस्क्रीट'ची दोन स्पेलिंगं, 'फ्लाउट' आणि 'फ्लाँट' यांचं नेहमीचं रडगाणं यामुळेच आहे. शिकवणाऱ्यांना गट करून फळ्यावर लिहायला आवडतं आणि विद्यार्थी तिथेच घसरतो.

त्यापेक्षा आज 'मिटिगेट' एकटा घ्या. तो दोन आठवडे न चुकता आठवला की 'अलीव्हिएट' आणा. तिसरा त्यानंतर. पाचही पक्के झाले की मग एकदा शेजारीशेजारी मांडून फरक बघा. गट हा उजळणीसाठी चांगला, ओळख करून घ्यायला वाईट.

ताणाबाणा_बाळीवेस

बरोबर आहे ताई. वरचे पाच शब्द समजावण्यासाठी एकत्र लिहिले, कार्डं वेगवेगळ्या आठवड्यांत करा रे.

सातरस्ता

उजळणीचं यंत्र मी लिहितो. विसरण्याचा वेग पहिल्यांदा नीट मोजला तो हर्मन एबिंगहाउस याने, १८८५ मध्ये, निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून. विसर सुरुवातीला झपाट्याने पडतो, मग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या लांब-लांब. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांच्या खोक्याची पद्धत लोकांपुढे आणली. मोबाइलवरची अ‍ॅपं याच तत्त्वावर चालतात.

खोकं घरी होतं. ए-फोर आकाराचा जाड कागद, दोनशे जीएसएमच्या पुढचा, घ्यायचा. तीनदा निम्मा करत कापला की आठ कार्डं होतात, प्रत्येक ७४ बाय १०५ मिलिमीटरचं. शंभर कागदांत आठशे कार्डं. साधा झेरॉक्सचा कागद घेऊ नका, मागची शाई पुढे दिसते आणि उत्तर फुटतं. बुटाच्या खोक्यात ही कार्डं उभी बसतात. पुठ्ठ्याच्या चार आडव्या पट्ट्या लावून पाच कप्पे पाडा.

पहिला कप्पा दुसऱ्या दिवशी, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात, दयामाया नाही. पुढची तारीख कोपऱ्यात पेन्सिलने. पाचव्यातूनही पार झालं की बाहेर काढून रबर लावून ठेवायचं, म्हणजे एका कार्डाचा प्रवास जवळजवळ छप्पन दिवसांचा.

आता हिशेब. रोज सहा नवी, प्रत्येकाच्या पाच उजळण्या, म्हणजे घडी बसल्यावर रोज तीस. चुका धरून चाळीस. एका कार्डाला पंधरा सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. हेच रोज वीस नवी घेतली तर चुका न धरता शंभर उजळण्या, धरून अर्धा तास सहज, आणि वाचनाला वेळ शून्य. पहिल्या आठवड्यात वीस झेपतात, कारण उजळण्या अजून साचलेल्या नसतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणूस सोडून देतो तो यामुळे.

मोबाइलवर करायचं तर अँकी आहे. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. त्यात दिवसाला वीस नवी कार्डं आधीच लावलेली असतात, ती पहिल्याच दिवशी सहावर आणा. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर ते 'लीच' अशी खूण करतं. लीच म्हणजे जळू, नाव बरोबर ठेवलंय. अशी जळू पुन्हा घोकून सुटत नाही. वाक्य बदला, किंवा तिला कोणता सारखा दिसणारा शब्द चिकटलाय तो शोधा, किंवा सरळ फेकून द्या. शब्द गरजेचा असेल तर वाचनात परत भेटतोच.

गड्ड्याच्या जत्रेत आठवडाभर खाडा झाला आणि दोनशे कार्डं तुंबली, तर नवी पूर्ण बंद. खालच्या कप्प्यातली आधी, दिवसाला साठपेक्षा जास्त नाही. पाच-सहा दिवसांत गाडी रुळावर येते. एका रात्रीत दोनशे उडवली तर निम्मी कार्डं 'आलं' म्हणून खोटीच पुढे सरकतात.

होटगीकर

मराठी माध्यमवाल्यांच्या हातात एक हुकमी पत्ता आहे आणि तो कुणी टाकत नाही. लॅटिन-ग्रीक मुळं आणि संस्कृत मुळं ही एकाच जुन्या घराण्यातली भावंडं आहेत. इंग्रजीचे वरच्या पातळीचे शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेले, आणि आपली पारिभाषिक मराठी संस्कृतातून. मग जोडून बघा.

परिमिती आणि 'पेरिमीटर': 'पेरि' म्हणजे परि, 'मीटर' म्हणजे मिती. पेरि कळला की 'पेरिफेरल' म्हणजे परिघावरचा, मुख्य नसलेला, हे आपोआप येतं. 'अ‍ॅग्नॉस्टिक' म्हणजे अ अधिक ज्ञ. त्याच 'ज्ञ'चे 'कॉग्निशन', 'रेकग्नाइज', 'इन्कॉग्निटो'. मृतवरून 'मॉर्ट': 'इम्मॉर्टल' माहीत असतो, पण 'मॉर्टगेज', 'मॉर्टिफाइड', 'अमॉर्टाइज' पण त्याच घरातले. दंतवरून 'डेंट': 'इन्डेंट' म्हणजे कडेला दात पाडणं. परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकवणं त्यातूनच आलं.

माझं आवडतं जू. बैलाच्या मानेवरचं जू, संस्कृत युग, लॅटिन 'युगुम', इंग्रजी 'योक'. म्हणून 'सब्जुगेट' म्हणजे शब्दशः जुवाखाली आणणं. 'कॉन्जुगल' म्हणजे एका जुवाला जोडलेल्यांचं, नवरा-बायकोचं. आणि कुर्डुवाडी जंक्शनमधलं जंक्शनही त्याच जोडण्याच्या धातूचं. युज् धातू आठवा, सगळी माळ हातात येते.

पाय बांधले की 'इम्पीड', पाय मोकळे केले की 'एक्स्पिडाइट'. दोन्हींत 'पद'चा भाऊ 'पेड' बसलाय. ऑफिसच्या मेलमध्ये 'काइंडली एक्स्पिडाइट' लिहिणाऱ्यांनी एकदा बेडी सुटलेला पाय डोळ्यांसमोर आणावा.

आता कुठे घसरतं ते. 'पेडेस्ट्रिअन'मधला पेड पायाचा, पण 'पीडिअ‍ॅट्रिक्स'मधला ग्रीक, मुलाचा. 'डिस्टोपिया'मधला 'डिस्' आपल्या 'दुर्'चा भाऊ, पण 'डिसअग्री'मधला लॅटिन, वेगळं होण्याचा. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, रोमनमध्ये एकात 'वाय' आणि एकात 'आय'. 'इन' दिसला की लगेच उलटा अर्थ धरू नका: 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे मोल करता येणार नाही इतकं मौल्यवान, आणि 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं. टँकरवर तो शब्द वाचून काडी ओढू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्युत्पत्ती मात्र कार्डावर आणू नका. 'नेव्हिगेशन' हे 'नवगती'वरून आलं, हे खोटं आहे. ते लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'अगेरे' म्हणजे हाकणं यांचं. आपल्या 'नौ'शी नातं आहे ते भावाचं आहे, बाप-लेकाचं नाही. शंका आली की व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडायचा.

मूळ हे आठवायची खुंटी आहे, अर्थाचा पुरावा नाही. अर्थ वापरावरूनच ठरतो.

कांडीमशीन

होटगीकर, जू तुमचं असेल तर माग आमचा.

'टेक्स्ट', 'टेक्स्टाइल', 'टेक्स्चर', 'कॉन्टेक्स्ट', 'प्रीटेक्स्ट' हे पाचही विणणं या अर्थाच्या लॅटिन 'टेक्सेरे'मधले. कॉन्टेक्स्ट म्हणजे एकत्र विणलेलं. प्रीटेक्स्ट म्हणजे पुढे विणून धरलेला पडदा, म्हणजे सबब. 'सटल' शब्दाचं मूळही मागावरच, 'सब' अधिक 'टेला', विणलेल्या कापडाखालचा, म्हणजे इतका बारीक की चटकन दिसत नाही.

टॉवेलच्या प्रोसेस हाउसमध्ये स्टेंटर मशीन सगळ्यांनी पाहिलंय. ओलं कापड दोन्ही किनारींना पिनांत किंवा क्लिपांत पकडून ताणत गरम हवेतून नेतात, म्हणजे पन्हा एकसारखा राहतो. जुन्या काळी हेच काम लाकडी चौकटीवर व्हायचं, तिला 'टेन्टर' म्हणत, आणि कडेच्या आकड्यांना 'टेन्टरहुक्स'. 'टू बी ऑन टेन्टरहुक्स' म्हणजे निकालाच्या आदल्या रात्री जीव टांगणीला लागतो तसं. पुष्कळ जण 'टेंडर हुक्स' लिहितात. स्टेंटर डोळ्यांपुढे आणला की ती चूक होणार नाही. निविदा भरणाऱ्याचा जीवही टांगणीला असतो, पण तो मुद्दा वेगळा.

आणखी काही:

'वॉर्प' म्हणजे ताणा, मागावरचे उभे धागे. क्रियापद झालं की वाकडं होणं: 'वॉर्पड जजमेंट', 'अ वॉर्पड सेन्स ऑफ ह्यूमर'. 'शटल' म्हणजे धोटा. इकडून तिकडे, तिकडून इकडे, म्हणून शटल बस, आणि दोन देशांमध्ये ये-जा करणाऱ्या मध्यस्थाची 'शटल डिप्लोमसी'. 'थ्रेडबेअर' म्हणजे लव झडून ताणा-बाणा उघडा पडलेलं कापड. त्यावरून 'थ्रेडबेअर एक्स्क्यूज', तेच ते वापरून झिजलेलं निमित्त. इंग्रजी दैनिकांत 'डिस्कस्ड थ्रेडबेअर' येतं, म्हणजे धागा न् धागा सुटा करून चर्चा केली. हा वापर भारतीय इंग्रजीत जास्त, परदेशी वाचकाला तो चमत्कारिक वाटू शकतो. 'शॉडी' हे मुळात जुन्या लोकरीच्या चिंध्या पिंजून केलेलं हलकं कापड, आता कुठलंही निकृष्ट काम: 'शॉडी वर्कमनशिप'. 'हेकल' म्हणजे तागासारखे तंतू लोखंडी दात्यांनी विंचरणं, आणि आता भाषणात मध्येच ओरडून वक्त्याला विंचरून काढणं. 'क्लू' म्हणजे मुळात सुताचा गुंडा.

एक बनावट नातेवाईक सांगून ठेवतो. 'लूमिंग क्रायसिस'मधला 'लूम' आणि आपला माग यांचा काही संबंध नाही. स्पेलिंग एक, कूळ वेगळं.

शेंगाचटणी

आता स्टेंटर बघितला की इंग्रजी आठवणार बे! पण ते 'सटल' असंच म्हणायचं का? सगळे 'सबटल' म्हणतात.

जुळेसोलापूर_ताई

'सटल'च. त्यातला 'बी' मुका. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हता, नंतर विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून स्पेलिंगमध्ये बसवला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातल्या 'बी'ची हीच कथा.

वाचून शिकलेल्या शब्दांचा हाच धोका. आपण अक्षरं जोडून उच्चार ठरवतो, कारण मराठीत तसं चालतं. मग 'एपिटोम' होतं, खरं 'इपिटमी', चार अवयव. 'हायपरबोल' होतं, खरं 'हायपर्बली'. 'ऑरी' होतं, खरं 'अराय', वाकडं गेलेलं. 'इन्डिक्ट' नाही, 'इन्डाइट', आरोप ठेवणं. 'अल्बेट' नाही, 'ऑल-बी-इट', तीन शब्द जोडल्यासारखं. 'क्वे' नाही, 'की', बोटीचा धक्का.

दुसरी गोष्ट जोर. 'रेकॉर्ड', 'प्रोजेक्ट', 'कॉन्ट्रास्ट' हे नाम असताना जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला तो फरक पडतच नाही. कार्डावर जोराच्या अवयवाखाली रेघ मारा. ऑनलाइन शब्दकोशात उच्चार ऐकून लगेच तीनदा मोठ्याने म्हणायचं, मनात नाही. शब्द तोंडातून एकदाही गेला नसेल तर बोलताना तो बाहेर पडत नाही.

विजापूररोड_३

माझा मुद्दा बाजाचा. 'अ‍ॅडव्हान्स्ड' शब्द आला की लोक तो सगळीकडे पेरतात. मराठीत दूध आणि दुग्ध दोन्ही आहेत. दुग्धव्यवसाय म्हणतो, पण 'चहात दुग्ध घाल' म्हटलं तर घरचे कपाळाला हात लावतील. इंग्रजीतही दोन थर आहेत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, दरबार-कचेरीत फ्रेंच आली आणि जुन्या घरगुती शब्दांवर भारी शब्दांचा थर बसला. 'बाय' आणि 'पर्चेस', 'बिगिन' आणि 'कमेन्स', 'आस्क' आणि 'इन्क्वायर'. मित्राला 'व्हेन डिड यू कमेन्स युअर लंच' विचारलं तर ते दुग्ध घातलेला चहाच.

कार्डावर बाज लिहायला तीन खुणा पुरतात: घ म्हणजे घरगुती, क म्हणजे कचेरी, ग म्हणजे फक्त ग्रंथात.

आणि शब्दाचा कल बघा, चांगल्याकडे की वाइटाकडे. 'काय प्रताप केलास' यातला प्रताप कसला, ते आपल्याला सांगावं लागत नाही. तसं 'नोटोरिअस' हा फक्त वाईट कारणाने गाजलेल्यासाठी. 'प्लेथोरा' म्हणजे नुसतं पुष्कळ नाही, नको इतकं. मुळात तो वैद्यकातला शब्द, अंगात रक्त जास्त होण्याचा. आभाराच्या पत्रात 'प्लेथोरा ऑफ ब्लेसिंग्ज' वाचलं की म्हणून हसू येतं. 'फुलसम प्रेझ' हे कौतुक नाही, गोडगोड खोटी स्तुती. आजकाल काही जण चांगल्या अर्थानेही वापरतात, पण वाचणारा कोणता अर्थ घेईल याचा भरवसा नाही, तेव्हा टाळलेला बरा.

आपल्या गावाशी जोडलेली एक गल्लत. १९३०चा मार्शल लॉ सोलापुरात कुणाला माहीत नाही? त्यातला मार्शल हा 'टी-आय-ए-एल'वाला, रोमन युद्धदेव मार्स याच्यावरून. 'एस-एच'वाला मार्शल वेगळा, तो अधिकारी, आणि त्याचा मूळ अर्थ घोडे सांभाळणारा नोकर. पहिल्यातला 'आय' एक घर अलीकडे सरकला की 'मॅरिटल' होतो, म्हणजे वैवाहिक. शहराच्या इतिहासावरच्या निबंधात 'मॅरिटल लॉ' लिहिलं तरी स्पेलचेक ब्रही काढत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. असे शब्द डोळ्यांनीच पकडावे लागतात.

शेंगाचटणी

जोडीदार शब्द शोधायचे कुठे? शब्दकोशात एक-दोन वाक्यं असतात फक्त.

ताणाबाणा_बाळीवेस

'कोलोकेशन' शब्दकोश वेगळे मिळतात, त्यात शब्दाभोवतीचे सोबतीच दिलेले असतात. फुकटात हवं तर 'कोका' हा अमेरिकन इंग्रजीचा संग्रह आहे, शंभर कोटींहून जास्त शब्दांचा. नोंदणी करून शब्द टाकला की त्याच्या आधी-नंतर काय येतं ते वारंवारतेने दिसतं. पहिले पाच सोबती घ्या, बाकी सोडा.

मराठीतून जसंच्या तसं उचलल्याने होणाऱ्या चुकाही याच खात्यात. कडक चहा 'हार्ड' नसतो, 'स्ट्राँग' असतो. जोराचा पाऊस 'स्ट्राँग' नसतो, 'हेवी' असतो. म्हणजे एकाच शब्दाने दोन्हीकडे हात दिला नाही. परीक्षा आपण देतो, इंग्रजीत 'टेक' किंवा 'सिट' करतात, 'गिव्ह' शिक्षक करतो. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको, 'कोप'पुढे 'अप' नको, 'सुपीरिअर'पुढे 'दॅन' नाही 'टू', 'मॅरिड'पुढे 'विथ' नाही 'टू'. हे शब्द कुणाला अवघड वाटत नाहीत, म्हणून कार्ड कुणी करत नाही, आणि मुलाखतीत 'एक्झॅसर्बेट' बरोबर येतो पण पुढच्याच वाक्यात 'डिस्कस अबाउट' येतं.

सातरस्ता

परीक्षावाल्यांसाठी दोन ओळी. जीआरईतून विरुद्धार्थी आणि शब्दजोड्यांचे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच गेले, आता वाक्यातली रिकामी जागा भरायची असते. सेकंडहँड बाजारात अजून त्याआधीच्या पद्धतीच्या नुसत्या याद्या फिरतात, त्या घेऊ नका. आयेल्ट्समध्ये लेखन आणि संभाषणात शब्दसंपदेला चारपैकी एक निकष, म्हणजे पाव गुण, आणि तिथे भारी शब्दापेक्षा अचूक जोडी मोजली जाते. यूपीएससी मुख्यच्या सक्तीच्या इंग्रजीत ३०० पैकी २५ टक्के मिळवून फक्त पात्र व्हायचंय. तिथे शब्दसंग्रहावर सहा महिने घालवू नका, सारांशलेखन करा.

शेंगाचटणी

आणि वापरायचं कधी? कार्डं झाली, वाचन झालं, बोलायला समोर कोण आहे इथं?

जुळेसोलापूर_ताई

समोर कुणी लागत नाही. रात्री आठ मिनिटं. आज पास झालेल्या कार्डांतले तीन शब्द निवडा आणि दिवसातल्या एखाद्या साध्या गोष्टीवर पाच वाक्यं लिहा, ज्यात ते तीन आलेच पाहिजेत. विषय शहरातलाच घ्या: पाणी किती दिवसांआड येतं, रस्ता कितव्यांदा खोदला. मग तेच न बघता मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा, दीड मिनिट. दुसऱ्या दिवशी ऐका आणि प्रत्येक शब्दाचा सोबती कोकात तपासा. चुकला तर कार्डावर लाल शाईने नकाराची ओळ वाढवा. आठवड्यातून एकदा तीच पाच वाक्यं भारी शब्द काढून साध्या इंग्रजीत लिहून बघा. साधं जास्त चांगलं वाटलं, तर त्या जागी तो शब्द नको होता.

सगळे सहा शब्द वापरायच्या मागे लागू नका. दहा ओळखीच्या शब्दांमागे तीन वापरात आले तरी गाडी चांगली चाललीय. बाकीचे वाचताना कळले की त्यांचं काम झालं.

शेंगाचटणी

पाण्यावर लिहितो मग. 'वॉटर सप्लाय हॅज बीन कर्टेल्ड' चालेल?

ताणाबाणा_बाळीवेस

चालेल. मुद्दाम कुणीतरी कपात केली असेल तर 'कर्टेल्ड'. पाइप फुटल्यामुळे असेल तर 'डिसरप्टेड'.